नाट्यशास्त्राच्या प्रवेशाची वाट बघताना कोल्हापुरात काय करावं? – अनुभव धागा

पदवी झाली, नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज गेले, यादी लागायला अजून अवकाश आहे. अशा मुलामुलींसाठी हा धागा. कामाचं, नेमकं लिहा. काय बिघडतं आणि का, तेही येऊ द्या.

प्रकाशयोजनेतून
आधी बॅकस्टेज धरा, भूमिका मागाहून मिळतील. लाइटवर बसणार असाल तर एक हिशोब तोंडपाठ हवा. २३० व्होल्टवर १००० वॉटचा दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. म्हणजे १५ अँपिअरच्या पॉइंटवर तीनच दिवे. चौथा लावला तरी तालमीत काही होत नाही, कारण तिथे डिमर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारं यंत्र) अर्ध्यावर असतात. प्रयोगात शेवटच्या प्रवेशाला सगळे एकदम फुल होतात आणि नेमका तेव्हाच अंधार होतो.

साउंडची लाइन डिमरच्या फेजवर घेऊ नका. दिवे मंद केले की स्पीकरमधून घुंsss सुरू होतं, आणि लोक बिचाऱ्या साउंडवाल्याला बोल लावतात.

हॅलोजन झालरीपासून, म्हणजे रंगमंचावर वरून सोडलेल्या कापडी पट्टीपासून, मीटरभर तरी लांब ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिलेल्या गावात हे सांगावं लागू नये, तरी सांगतो.

रंगमंच व्यवस्थेतून
संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून फाइल करा. समोरचं कोरं पान क्यूसाठी, म्हणजे दिवे-आवाज नेमके कधी बदलायचे त्या खुणांसाठी. क्यू पेन्सिलीनेच लिहा, रंगीत तालमीपर्यंत बदलत राहतात. पाच आणि सहाच्या मध्ये नवा क्यू आला तर त्याला ‘५अ’ म्हणा, पुढचे नंबर बदलू नका. ऑपरेटरच्या कागदावर जुनेच नंबर असतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. ‘स्टँडबाय’ (तयार राहा) अर्धं पान आधी द्या. ‘गो’ हा शब्द क्यू सोडतानाच तोंडातून यावा, एरवी हेडसेटवर नको.

ब्लॅकआउटमध्ये लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडा दिसाव्यात म्हणून पट्टी लावतात. गाड्यांना लावतात ती रेडियमची पट्टी घेऊ नका, तिच्यावर उजेड पडला तरच ती चमकते. अंधारात स्वतः चमकणारी मागा, आणि पहिल्या घंटेआधी दहा मिनिटं तिच्यावर दिवे चालू ठेवा. नाहीतर पहिल्याच ब्लॅकआउटला कुणीतरी पायरी चुकतं.

नेपथ्यातून
आठ बाय चार फुटांचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची चौकट, टेम्पोत बसतो. मागच्या दारातून आणि जिन्याच्या वळणावरून जातो का, ते टेप घेऊन आधी मोजा. मोठ्या रंगमंचासाठी बांधलेला सेट छोट्या सभागृहात लावायचा असेल तर आधी विंगेतली जागा बघा. कलाकाराला तिथे कपडे बदलायचे असतात.

अर्ज, ऑडिशन
दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर किमान सहा नाटकांतल्या सहभागाचा पुरावा लागतो. प्रयोग झाला की त्याच आठवड्यात संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. नाटकाचं नाव, तारीख, नाट्यगृह, तुमचं काम, सही, शिक्का. ब्रोशरही जपा. हौशी संस्था विखुरते, मग सही करायला कुणी सापडत नाही. शिवाजी विद्यापीठातून मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज यादीआधीच करून ठेवावा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार असू द्या.

दोन स्वगतं बसवा, एक गंभीर, एक हलकंफुलकं, दोन-दोन मिनिटांची. आठवणी सांगणारं स्वगत निवडू नका, त्यात करायला काही नसतं. समोरच्याकडून काहीतरी हवं आहे असा तुकडा घ्या. तो समोरचा माणूस परीक्षकाच्या डोक्याच्या थोडा वर, भिंतीवर कल्पा. परीक्षकाच्या डोळ्यांत बघून बोललात तर त्यांना लिहिता येत नाही. हिंदी तुकड्यात आपला ‘चाक’मधला च ‘चाहत’मध्ये घुसतो, तेवढा रोज मोठ्याने वाचून घालवा.

हौशी दिग्दर्शनातून
मे महिन्यात बालनाट्य शिबिरांना मदतनीस लागतात, तिथे थोडे पैसे मिळतात. पंधरा मुलांमागे एक मदतनीस हवाच, त्याहून जास्त मुलं घेतली की नुसती शिस्त लावण्यात वेळ जातो. व्यावसायिक नाटकाचा दौरा गावात आला की सेट लावायला जा. नाईट (प्रयोगामागे मिळणारे पैसे) मिळो न मिळो, बांधणी शिकता येते.

राज्य नाट्य स्पर्धेच्या संस्था पावसाळ्यातच माणसं जमवायला लागतात. पहिल्या बैठकीतच सांगा, प्रवेश मिळाला तर मी जाणार. मोठी भूमिका घेऊ नका. साउंड किंवा लाइट ऑपरेटिंग घ्या, क्यूशीट लेखी ठेवा आणि बदली माणसाला दोन तालमी शेजारी बसवा.