पुरळ नाही, पण बरगडीजवळ आग होते. हर्पीस का?

प्रश्न: उजव्या बरगडीखाली ४ दिवस पट्ट्यासारखी आग, कपडाही झोंबतो. हर्पीस आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह आलीय. त्याचंच का?

उत्तर १: आयजीजी म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढंच. ओठावर जर (तापाचे फोड) उठणाऱ्यांचीही पॉझिटिव्ह येते. एका बाजूचा पट्टा नागिणीसारखा वाटतो. तो विषाणू वेगळा, कांजिण्यांचा. पुरळ बहुधा दुखण्यानंतर १ ते ५ दिवसांनी उठतं.

उत्तर २: रोज आरशात पाठ बघा. फोड दिसले की ७२ तासांत औषध हवं: व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ७ दिवस. किडनीचा त्रास असल्यास डोस कमी, म्हणून डॉक्टरांनाच विचारा. गेरू लावू नका. आणि नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो, ही निव्वळ भीती.

उत्तर ३: फोड आलेच नाहीत तर शुगर, बी१२, मणका तपासा. उजवीकडे आहे, तर पित्ताशयही.