मदत हवी आहे: फोमच्या चिलखतातले दिवे मधेच विझतात
मंडळी, भाचीसाठी ईव्हीए फोमचं (चपलेच्या तळव्यासारखा हलका, मऊ फोम) चिलखत बनवतोय. ५ मिमीची शीट हीट गननं छान वळली, कडाही जुळल्या. घोळ दिव्यांचा आहे. आत ५ व्होल्टची एलईडी पट्टी, कमरेला पॉवर बँक. दिवे मंद केले की पॉवर बँक थोड्या वेळात आपोआप बंद! करंट फार कमी, म्हणून तिला वाटतं चार्जिंग संपलं. ३ पेन्सिल सेल लावले तर ४.५ व्होल्टवर निळा रंग फिका पडेल का?

दुसरं, हात वर केला की खांद्यापाशी सोल्डरचा टाकाच तुटतो. तिथे सिलिकॉनची (सिलिकॉनच्या आवरणाची, लवचिक) वायर टिकेल का? नागपुरात सीताबर्डीत कुठे सुटी मिळते? मी मागितली तर दुकानदार साधीच पुढे करतो. आणि आपल्या उन्हात रबर सोल्युशनचे जोड उकलतात का? कोणी केलं असेल तर सांगा ना जी.