मदत हवी आहे: प्रत्येकाची प्रत वेगळी, मग ‘इथपर्यंत वाचा’ कसं ठरवायचं?

आम्ही काही मित्रमैत्रिणी एका वेळी एकच कादंबरी वाचतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गप्पा मारतो. गप्पा घरच्या, ऑफिसच्या, मधूनच पुस्तकाच्या. त्या तशाच राहाव्यात, वर्ग भरवायचा नाही. पण कुणाकडे जुनी आवृत्ती, कुणाकडे नवी, एक जण किंडलवर वाचतो, एक मैत्रीण कामं करता करता ऐकते. मग कुणीतरी पुढचं बोलून जातं आणि बाकीच्यांचा विरस होतो.

पान क्रमांक जुळत नाहीत. टक्केवारी धरून पाहिली, पण ई-बुकात शेवटची परिशिष्टंही त्यात मोजली जातात. प्रकरणांवर थांबणं बरं चाललं होतं; सध्याच्या पुस्तकात मात्र प्रकरणांना ना आकडे ना नावं, नुसती मोकळी जागा. परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाठवलं तर किंडलवाल्याला लगेच सापडतं, छापीलवाले पानं उलटत बसतात, ऐकणारीला तर उपयोगच नाही.

टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवता येतो, पण सगळे तिकडे येणार नाहीत. नवं अ‍ॅप नको, नवी प्रत विकत घेणंही नको.

छापील, ई-बुक आणि ऑडिओ, तिन्हींत पटकन सापडेल अशी थांबायची खूण तुम्ही कशी ठरवता? आणि पुढे गेलेल्यांनी तोवर बोलायचं कुठे?