पान्हा : फुटतो, सुटतो, दाटतो… पण ‘करता’ का येत नाही?

बाळ पाच महिन्यांचं आहे. रात्री तीनला पाजताना असले प्रश्न पडतात, म्हणून विचारते. ‘पान्हा’ला लागणारी क्रियापदं बघा : फुटतो, सुटतो, दाटतो, आटतो. सगळं आपोआप. ‘मी पाजते’ म्हणता येतं, ‘मी पान्हा करते’ असं कुणी म्हणत नाही. परवा पोळ्या लाटत होते, शेजारचं बाळ रडलं आणि माझा गाउन भिजला. माझं तर गाढ झोपलेलं! घरातले ‘किती करतेस गं बाळासाठी’ म्हणतात तेव्हा अवघडायला होतं. पान्हा आणि दूध एकच का? शब्द आला कुठून?

प्रतिसाद १
एकच नाहीत. दूध ही वस्तू, पान्हा हे तिचं पाझरणं. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’, मग ‘पान्हा’. मुळातला धातू ‘स्नु’, म्हणजे पाझरणे. बाळंतपणानंतर आधी चीक येतो, दोन-चार दिवसांनी ‘दूध उतरतं’, ते एकदाच. पान्हा मात्र दर वेळी नव्याने. प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळे दूध तयार होतं आणि ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनमुळे ते वाहतं. त्याला रडणं पुरतं, कधी नुसती आठवणही. ते कोणाचं बाळ, हे शरीर विचारत नाही. जाता जाता : वात्सल्यातला ‘वत्स’ म्हणजे मुळात वासरू.

प्रतिसाद २
ताई, कर्ता लागणारं एक क्रियापद आहे. आमच्याकडे गाय ‘पान्हा चोरते’. वासरू न लावता धार काढायला बसलं की दूध वर ओढून धरते. वासरू दोन ढुशा देतं आणि मग ती पान्हवते. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे उभं करायचे. गाय ते चाटायची आणि दूध द्यायची. लहानपणी पाहिलंय, चांगलं वाटायचं नाही.

मूळ प्रश्नकर्ती
म्हणजे द्यायला कर्ता लागत नाही, चोरायला लागतो! हे वाचून खूप हलकं वाटलं. लहानपणापासून ‘कर्तेपणा सोडावा’ हे कीर्तनात ऐकत आले. तो सोडायचा म्हणजे काहीतरी अवघड साधना करायची, असं वाटायचं. इथे तर पोळी लाटता लाटता सुटला.

प्रतिसाद ३
ज्ञानेश्वरीत याच अर्थाचा ‘वोरस’ शब्द आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे माउली म्हणतात त्याचा भाव असा : गाय वोरसते ती वासरासाठी, पण दुभतं होतं अख्ख्या घराला, तशी अर्जुनाच्या निमित्ताने गीता जगाला मिळाली. मला त्यात वासराचं महत्त्व जास्त दिसतं. ते नसतं तर घर कोरडंच. सांगणाऱ्याला पुरुष असून ‘माउली’ म्हणतो आपण, हेही आलंच.

मूळ प्रश्नकर्ती
पुढच्या महिन्यात कामावर जायचंय, म्हणून पंपाची सवय करतेय. काल सासूबाई बाळाला खाली फिरवायला घेऊन गेल्या होत्या. वीस मिनिटं बसले, थेंब नाही. शेवटी फोनवर त्याच्या रडण्याचा व्हिडिओ लावला आणि लगेच सुटला. तेव्हा पेंढ्याचं वासरू आठवलं. आधी हसू आलं, मग नाही आलं.