जुन्या स्टिरिओसाठी नवा डॅक घ्यावा, अ‍ॅम्प्लिफायर बदलावा, की दोन्ही आहेत तसेच राहू द्यावेत?

खर्जप्रेमी (ठाणे)

नमस्कार मंडळी. घरच्या स्टिरिओचा एक निर्णय दोन महिन्यांपासून अडून राहिला आहे, त्याबद्दल इथल्या जाणकारांचे मत हवे आहे. माझा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर १६ वर्षांपूर्वीचा असून ८ ओहमला दर चॅनेलमागे ४० वॅट देतो. स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे, ६ ओहमचे आहेत आणि माहितीपत्रकात त्यांची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक सिग्नलवर किती मोठा आवाज निघतो ते, ८५ डेसिबल दिली आहे. गाणे एका जुन्या सीडी प्लेयरवरून किंवा लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वाजते. हॉल १५ फूट बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, आणि मी स्पीकरपासून साधारण ३ मीटरवर बसतो.

ऐकणे बहुतांशी शास्त्रीय गायनाचे आहे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताई आमोणकर यांची ध्वनिमुद्रणे आमच्याकडे रोज वाजतात, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू यावी ही माझी पहिली अपेक्षा आहे. सध्या तीन तक्रारी आहेत. रात्री आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर मंद वाजतो, लॅपटॉप चार्जरला जोडला की दोन्ही स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो, आणि डग्ग्याचे काही ठोके इतके घुमतात की गायकाचा मंद्र सप्तक त्याखाली दबून जातो.

गेल्या महिन्यात एका दुकानात मला तेच ध्वनिमुद्रण आधी लॅपटॉपवरून थेट आणि मग नव्या डॅकमधून, म्हणजे डिजिटल सिग्नलचे अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणातून, ऐकवले गेले. डॅकमधून आवाज नक्कीच अधिक मोकळा आणि पुढे आलेला वाटला. विक्रेत्याच्या मते आधी डॅक आणि पुढच्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. माझी तयारी साठ हजार रुपयांपर्यंत आहे. सुरुवात कुठून करावी?

मोजमाप (पुणे)

खर्जप्रेमी, दुकानात आपल्याला फरक जाणवला याबद्दल मला शंका नाही, मात्र तो फरक कशाचा होता हे आधी तपासायला हवे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साधारण एक व्होल्टच्या आसपास सिग्नल मिळतो, तर सीडी प्लेयर आणि घरगुती डॅक यांची प्रचलित पातळी २ व्होल्ट असते. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबलची वाढ. एवढी वाढ कोणालाही कळते, पण त्याहून खूपच लहान, म्हणजे अर्ध्या ते एक डेसिबलची वाढ कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. ती ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक मोकळा’ अशीच जाणवते. त्यामुळे पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवरून डॅकचा गुण ठरवता येत नाही.

पातळी जुळवणे कठीण नाही. २०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवावा, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना स्पीकरच्या टर्मिनलवर टेकवाव्यात, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे बटण न हलवता दोन्ही उपकरणांचे आकडे लिहून घ्यावेत. सूर मुद्दाम खालचा घ्यावा, कारण स्वस्त मल्टिमीटर विजेच्या ५० हर्ट्झच्या जवळपासच भरवशाचे असतात. व्होल्टेजमधला १ टक्का फरक म्हणजे ०.०९ डेसिबल, तर १० टक्के फरक म्हणजे जवळपास पाऊण डेसिबलहून अधिक. फरक एक-दीड टक्क्याच्या आत आणावा, आणि मगच कानाला विचारावे.

डॅकच्या मर्यादेबद्दलही थोडे लिहितो. सीडीचा १६ बिटचा आवाका सुमारे ९६ डेसिबलचा आहे. शहरातल्या घरात रात्रीसुद्धा ३० ते ३५ डेसिबलची पार्श्वभूमी असते आणि आपल्या ऐकण्यातले सर्वांत मोठे क्षण ९५ डेसिबलच्या पुढे क्वचितच जात असतील. म्हणजे प्रत्यक्षात ६० ते ६५ डेसिबलची जागाच वापरात येते, आणि नीट चालणारा जुना सीडी प्लेयरही त्याहून बराच पुढे असतो. मायर आणि मोरान यांचा २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेला प्रयोग इथे आठवतो. उच्च क्षमतेच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि तो केव्हा घातला आहे हे श्रोत्यांना ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जितकी आली असती तितकीच.

जुना कारागीर (दादर)

मी पस्तीस वर्षे ध्वनियंत्रांची दुरुस्ती करतो, म्हणून डाव्या स्पीकरच्या तक्रारीपासून सुरुवात करतो. ही तक्रार नवे उपकरण मागत नाही, ती निदान मागते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सीडी प्लेयरकडून येणाऱ्या दोन वायरी मागच्या बाजूला आपापसांत बदला. दोष उजवीकडे गेला तर प्लेयर किंवा वायर पाहावी. डावीकडेच राहिला तर वायरी मूळ जागी लावून, पुन्हा बंद अवस्थेतच, स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोष तरीही डाव्या स्पीकरसोबतच राहिला तर स्पीकर दोषी, आणि दुसऱ्या बाजूला सरकला तर अ‍ॅम्प्लिफायर.

माझा अंदाज अ‍ॅम्प्लिफायरचा आहे, आणि त्यात दोन संशयित आहेत. पहिला व्हॉल्यूम कंट्रोल. त्यात दोन कार्बनच्या पट्ट्या एकाच दांड्यावर फिरतात आणि सुरुवातीच्या भागात त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. असा दोष दर वेळी सारखाच दिसतो आणि बटण वाढवत नेले की हळूहळू नाहीसा होतो. दुसरा संशयित स्पीकरचे संरक्षण करणारा रिले, म्हणजे यंत्र चालू केल्यावर काही सेकंदांनी ज्याची ‘टक’ ऐकू येते तो लहान पारदर्शक डबीतला भाग. त्याच्या आतले संपर्कबिंदू काळे पडले की कमी आवाजात एक बाजू मंद किंवा फाटकी वाजते आणि एखादा जोरदार ठोका आला की एकदम पूर्ववत होते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. रिले बदलायला अर्धा तास लागतो, आणि त्याची किंमत नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवरच्या जीएसटीइतकीही नसते. १६ वर्षांच्या यंत्रात पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच वेळी तपासून घ्यावेत. टोपण फुगलेले असेल तर ते डोळ्यांनीच दिसते.

वॅटचे गणितही करून पाहावे. आपल्या स्पीकरचे ८५ डेसिबल २.८३ व्होल्टला, १ मीटरवर आहेत असे धरू. बंद खोलीत ३ मीटरवर येईपर्यंत त्यातले ६ ते ७ डेसिबल जातात आणि दोन स्पीकर मिळून साधारण ३ परत येतात, म्हणजे खुर्चीपाशी ८१ ते ८२ उरतात. ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या हिशेबाने जवळपास १८ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे आणखी १६ डेसिबल. एकूण ९७-९८ झाले. मैफलीचे गायन घरात यापेक्षा मोठ्याने ऐकायची गरज सहसा पडत नाही. ८० वॅटचे यंत्र आणले तर फक्त ३ डेसिबल वाढतील, तर ९० डेसिबल संवेदनक्षमतेचे स्पीकर आहे त्याच यंत्रावर ५ डेसिबल अधिक देतील. तार सप्तकातल्या लांब ताना मोठ्या आवाजात फाटत असतील, किंवा पुढे ४ ओहमचे अवघड स्पीकर घ्यायचे असतील, तर अ‍ॅम्प्लिफायरचा विचार जरूर करावा. आपण तशी तक्रार लिहिलेली नाही.

मोजमाप (पुणे)

घूं आवाजाबद्दल लिहायचे राहिले. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की आवाज थांबत असेल, तर तो अर्थिंगच्या दुहेरी वाटेमुळे तयार होणारा ग्राउंड लूप आहे. यूएसबीवर चालणारा डॅक घेतल्याने तो जाईलच असे नाही, कारण यूएसबीच्या केबलमधून ग्राउंडची तार पुढे येतेच. टीव्हीमधून ऑप्टिकल केबलने सिग्नल घेतला तर मात्र विजेचा जोडच तुटतो, कारण त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो. म्हणून आपल्या बाबतीत डॅक घेण्याचे पटण्याजोगे कारण एवढे एकच मला दिसते, आणि त्यासाठी ऑप्टिकल इनपुट असलेला साधा, स्वस्त डॅकही पुरेल. लॅपटॉपच्या वाटेत लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेचा थेट जोड न ठेवता सिग्नल पुढे पोचवणारी लहान डबी, लावूनही हेच साधते. आवाज थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो कृपया कधीही ऐकू नये, त्यात जिवाला धोका आहे.

घुमारा (नाशिक)

डग्ग्याच्या घुमण्याचा संबंध डॅकशीही नाही आणि अ‍ॅम्प्लिफायरशीही नाही, तो आपल्या हॉलच्या मापांशी आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते तो सूर त्या खोलीत फुगतो. आपल्या १० फूट रुंदीत तो सुमारे ५६ हर्ट्झला येतो आणि साडेनऊ फूट उंचीत ५९ हर्ट्झला. हे दोन्ही एकमेकांना लागून असल्याने एकाच जागी ढीग साचतो, आणि त्यांच्या दुपटीला, ११२ व ११८ हर्ट्झला, पुन्हा तेच घडते. डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली मींड या पट्ट्यांमधून सरकत जाते, म्हणूनच सगळे ठोके न घुमता मोजकेच घुमतात.

स्पीकर कोपऱ्यात असतील तर आधी ते कोपऱ्यातून बाहेर काढावेत. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट अंतर ठेवून पाहावे, आणि आपली खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही पुढे घ्यावी. पडदे आणि गालिचे वरच्या सुरांसाठी चांगले असतात, खर्जाला ते अडवू शकत नाहीत. आमच्याकडे कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्यांची छतापर्यंत चळत रचल्यावर वरच्या पट्टीतला, शंभर हर्ट्झच्या पुढचा घुमारा ऐकण्याइतका उतरला. एक मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेतले की आलेख समोर दिसतो, आणि फुगलेले दोन-तीन सूर लॅपटॉपवरच्या इक्वलायझरने खाली आणता येतात. साठ हजारांतले पाच-सात हजार इथे खर्च केलेत तर तंबोऱ्याची जवारी आपोआप उघडी पडेल, कारण सध्या ती खालच्या गोंगाटाखाली झाकली जात आहे.

सांजराग (बंगळूर)

मी चार वर्षांपूर्वी याच वळणावर एक महागडा डॅक घेतला आणि तो आजही वापरतो, म्हणून माझा अनुभव नोंदवतो. घेतल्यावर काही महिन्यांनी मी मल्टिमीटरने पातळी जुळवली, पत्नीला नाणे उडवून इनपुट बदलायला सांगितले आणि १६ वेळा ओळखण्याचा प्रयत्न केला. ९ उत्तरे बरोबर आली. योगायोग नाही असे म्हणायला १६ पैकी किमान १२ लागतात. तरीही त्या डॅकबद्दल मला खंत वाटत नाही, कारण त्याला रिमोट आहे, टीव्ही, फोन आणि संगणक एकाच ठिकाणी जोडता येतात, आणि आई आता कोणाची मदत न घेता स्वतः भजने लावते. सोयीसाठी घेत असाल तर मोकळेपणाने घ्यावा. आवाज सुधारेल म्हणून घेत असाल तर चाचणी आधी करावी.

खर्जप्रेमी (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याने विनंतीवरून तो डॅक दोन दिवसांसाठी घरी दिला. सीडी प्लेयरच्या डिजिटल आउटपुटला तो जोडला, म्हणजे तीच तबकडी दोन्ही वाटांनी एकाच वेळी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत येईल. स्पीकरच्या टर्मिनलवर प्लेयरचे १.९६ व्होल्ट आणि डॅकचे २.४३ व्होल्ट मिळाले, म्हणजे जवळपास १.९ डेसिबलचा फरक. तोपर्यंत मला डॅक उघडपणे सरस वाटत होता. डॅकची पातळी २ डेसिबलने उतरवून आकडा १.९३ वर आणला, धाकट्या भावाला इनपुट बदलायला बसवले आणि १६ वेळा ऐकले. ८ बरोबर आली. भावाची ७ आली. डॅक परत केला आहे.

स्पीकर कोपऱ्यातून अडीच फूट पुढे आणल्यावर डग्गा बराच आवरला गेला आणि मंद्रातला निषाद पहिल्यांदाच वेगळा ऐकू आला. घूं आवाज बॅटरीवर थांबतो, तेव्हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मागवला आहे. डाव्या बाजूचा दोष वायरी बदलूनही अ‍ॅम्प्लिफायरकडेच राहिला, आणि काल रात्री तबल्याच्या एका जोरकस थापेनंतर डावी बाजू एकाएकी पूर्ण आवाजात आली. जुना कारागीर, हा रिलेच असावा ना? आपल्याकडे यंत्र आणायचे असेल तर कोणत्या वारी यावे, आणि कपॅसिटर तपासायला ते किती दिवस ठेवावे लागेल, ते कृपया कळवावे.