मदत हवी आहे: धुरकट चवीचा इंग्लिश पाइप तंबाखू, पुढचा डबा कोणता घेऊ?

सांजधूर
मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. ऑफिसातले एक वयस्कर गोरे गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत बाहेर पाइप ओढत उभे असतात. त्यांच्या तंबाखूचा वास थेट आजोळच्या बंबाच्या धुराचा! विचारलं तर 'लटाकिया' म्हणाले, म्हणजे धुरावर धरलेला तंबाखू; तो असलेलं इंग्लिश मिश्रण घे म्हणाले. तसा डबा आणला. उघडला की वास तोच येतो, पण ओढायला घेतलं की सुरुवातीला जरा धूर लागतो आणि मग नुसती गरम वाफ. जीभ चरचरते, पाइप सारखा विझतो. शनिवारी दुकानात जाणार आहे. याहून जास्त धुरकट काय घेऊ? फक्त नाव सांगा.

कोथरूडकर_काका
अहो, नाव सांगायला आधी कळायला नको का? आणलात तो डबा कोणता? पाइप कसला, लाकडाचा की आणखी कशाचा? राहता कुठे? भारतात असाल तर या गप्पांचा उपयोग नाही, इथे लटाकियावालं काही सहज मिळत नाही. आणि आधी सिगारेट ओढत होतात का?

निशाचर
नाइटकॅप. डोळे मिटून घ्या. पूर्वी डनहिल कंपनीचं होतं, आता पीटरसन कंपनीच्या नावाने येतं. लटाकिया भरपूर, शिवाय पेरीक, म्हणजे दाबून मुरवलेला झणझणीत तंबाखू. धूर हवाय ना, मग हेच.

सेंटलुईसकर
नवीन माणसाला नाइटकॅप? निकोटीन चढून दरदरून घाम फुटेल, पोट रिकामं असेल तर ओकारीच. त्यांना चव हवी आहे हो, चक्कर नको.

निशाचर
मी नाइटकॅपनेच सुरुवात केली. काही झालं नाही.

सांजधूर
मँचेस्टरला असतो. डबा सॅम्युअल गॉविथचा स्क्वाड्रन लीडर. पाइप ब्रायरच्या लाकडाचा आहे, त्यात आधी चेरीच्या वासाचा तंबाखू ओढायचो. सिगारेट बरीच वर्षं ओढली. पण या सगळ्याचा काय संबंध? मला पुढच्या डब्याचं नाव हवंय.

उत्तरवारा
तुम्ही जे सांगायचं टाळत होतात त्यातच उत्तर आहे, सांजधूर. जरा सविस्तर लिहितो.

स्क्वाड्रन लीडर उत्तम मिश्रण आहे: व्हर्जिनिया (गोडसर तंबाखू), तुर्की पानं आणि लटाकिया. पण गॉविथवाल्यांचा माल डब्यातून ओलसरच निघतो. इंग्लंडमधल्या केंडलची ही जुनी पेढी, १७९२ पासूनची, आणि त्यांची ही रीतच आहे. तसाच भरून पेटवलात तर निम्मी आग पाणी उडवण्यातच जाते. तुम्ही म्हणता ती गरम वाफ तीच. जीभ तिनेच भाजते, आणि विझतो म्हणून तुम्ही आणखी जोरात ओढता, त्याने आणखी भाजते.

एका वेळेपुरता तंबाखू कागदावर पसरा आणि तासभर तरी उघडा ठेवा. चिमटीत दाबून सोडला की गोळा न राहता मोकळा झाला पाहिजे, पण चुरा होता कामा नये. पाइपमध्ये तळाशी सैल, वर जरा दाबून भरा. एकदा पेटवून फुगलेला थर हलकेच दाबा आणि पुन्हा पेटवा. मग सावकाश. सिगारेटवाल्याची सवय झुरका छातीत घ्यायची असते, इथे धूर तोंडातच फिरवून सोडायचा.

लटाकियाबद्दल: सायप्रसमध्ये पानं आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठीत मस्तकी, मर्टल, पाइन अशा सुगंधी झाडाझुडपांच्या धुरावर काळीभोर होईपर्यंत धरतात. त्या पानात साखर फारशी उरत नाही. म्हणून तुमची जीभ लटाकियाने भाजत नाहीये. ज्यात गोडवा असतो तो व्हर्जिनिया ओला आणि घाईने जाळला की चावतो. जास्त लटाकिया घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, आहे तो डबा वाळवून ओढा.

शामचा_माल
मूळ लटाकिया सीरियातला. सायप्रसचा म्हणजे नुसता जळका वास. सीरियन पानाला वाइनसारखी आंबूस खोली असायची, ज्याने ती चाखली त्याला हे डबे चालतच नाहीत.

उत्तरवारा
असेल, पण तो माल आता बाजारात येत नाही. ज्या माणसाला शनिवारी मँचेस्टरच्या दुकानात जायचंय त्याला हे सांगून काय मिळणार?

शामचा_माल
चांगलं काय असतं ते तरी कळेल.

सेंटलुईसकर
खरी गोम चेरीची आहे. ब्रायर वास धरून ठेवतं. चेरीच्या पाइपमध्ये लटाकिया भरलात तर दोन्ही चवी एकमेकींवर चढणार. लटाकियासाठी वेगळा पाइप ठेवा. त्यासाठी महागडं काही नको, मक्याच्या कणसाचा घ्या. आमच्याकडे अमेरिकेत, मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून बनतात, मिझुरी मीरशॉम नावाने. तिकडेही मिळतात. ओल शोषून घेतो, खराब झाला तर टाकून द्या.

कोथरूडकर_काका
कणसाचा पाइप दिसायला कसातरीच. पैसे असतील तर खरा मीरशॉम घ्या, तुर्कस्तानात एस्किशेहिरला निघतो त्या पांढऱ्या खनिजाचा. वास अजिबात धरत नाही. माझ्याकडे आहे, सकाळी एक मिश्रण, संध्याकाळी दुसरं.

सेंटलुईसकर
आणि हातातून पडला की दोन तुकडे. पहिल्या वर्षात कोणी मीरशॉम घेऊ नये, हे माझं ठाम मत.

दातांची_ताई
विचारलेलं नाही तरी लिहिते, कारण मी दंतवैद्य आहे. धूर छातीत न घेतल्याने फुप्फुसांवरचा भार कमी होत असेल, तोंडावरचा होत नाही. ओठ, जीभ, घसा यांचे कर्करोग पाइपनेही होतात. पाइपवाल्यांच्या टाळूवर पांढरट थर आणि त्यात लाल ठिपके दिसतात, ते सततच्या उष्णतेने येतात. दादा, तुमची जीभ चरचरते आहे ती भरेपर्यंत पाइप बंद ठेवा. कुठेही चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि पाइपच्या निमित्ताने सिगारेट सुटली असेल तर पुढचं पाऊलही टाका, म्हणजे दोन्ही सोडा.

सांजधूर
ताई, सिगारेट सुटली आहे. जिभेचं लक्षात ठेवतो, आभार.

निपाणीकर
धागा वाचून घरची आठवण आली. आमच्या निपाणी भागात विडीचा तंबाखू, पूर्ण उन्हावर वाळवलेला. धुराचा संबंध नाही. पण तंबाखू म्हटलं की आमच्याकडे १९८१ चं आंदोलन आठवतं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी भावासाठी हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. डब्यावरच्या नावांचं कौतुक करताना पानं पिकवणाऱ्याला काय मिळतं हेही कोणी लिहावं.

शामचा_माल
निपाणीकर, याच्यावर वेगळा धागा काढा, नक्की वाचेन.

निशाचर
मूळ प्रश्नावर या. मी अजूनही नाइटकॅपच म्हणतो. जुन्या डनहिलच्या डब्यांची सर मात्र पीटरसनच्या डब्यांना नाही.

उत्तरवारा
पुन्हा तेच. डनहिलचा तंबाखू शेवटची बरीच वर्षं डेन्मार्कमध्येच बनत होता. २०१८ मध्ये डनहिलचं नाव गेलं, वर्षभरात तेच डबे पीटरसनच्या नावाने आले, तेही डेन्मार्कमधूनच. तुमचा जुना डबा चांगला लागतो कारण तो वर्षानुवर्षं बंद राहून मुरला आहे. कारखाना बदलला म्हणून नव्हे.

निशाचर
माझी जीभ मला सांगते ते मी सांगितलं.

सांजधूर
उत्तरवारा, सांगितलंत तसं केलं. कागदावर पसरला, मोकळा झाल्यावर भरला. फक्त दोनदा पेटवावा लागला आणि जीभ ठीक आहे. धूर शेवटपर्यंत लागला, आणि मधेच एक आंबट-गोड, अत्तरासारखी चव येते ती कशाची? आता तरी पुढचं नाव सांगा!

उत्तरवारा
ती तुर्की पानं. पूर्वेकडची बारीक पानं, इझमीर, साम्सुन वगैरे भागांतली. इंग्लिश मिश्रणाचा जीव माझ्या मते त्यांच्यातच असतो, लटाकिया फक्त मोठ्याने बोलतो. ती आवडली असेल तर पीटरसनचं अर्ली मॉर्निंग पाइप घ्या, लटाकिया कमी आणि तुर्की पानं छान कळतात. धूरच वाढवायचा असेल तर त्यांचंच माय मिक्श्चर ९६५, त्यात कॅव्हेंडिश (वाफवून, दाबून मऊ केलेला तंबाखू) असल्याने जरा गोल, मऊ लागतं. नाइटकॅप त्यानंतर, आणि तेही जेवण झाल्यावर.

सेंटलुईसकर
आणि कणसाचा पाइप!

सांजधूर
ठरलं. ९६५ आणि कणसाचा पाइप. चेरीसाठी ब्रायर तसाच राहू दे.

कोथरूडकर_काका
सांजधूर, डिसेंबरात पुण्याला येणं आहे का? येत असाल तर माझ्यासाठी स्क्वाड्रन लीडरचा एक डबा आणा, पैसे लगेच देतो. १२५ ग्रॅमपर्यंत तंबाखू शुल्क न भरता आणता येतो, तेव्हा अडचण नाही. व्यनि (खाजगी निरोप) करतो.