फिअटचा हँड गेअर काढून फ्लोअर गेअर टाकावा का?

काळीमाती: काल इथं एकानं लिहिलं, 'फिअट पद्मिनीचा स्टेअरिंगवरचा हँड गेअर म्हणजे भंगार, खाली पायाशी दांडा असलेला शॉर्ट थ्रो फ्लोअर गेअर टाका, स्पोर्ट्स कारची मजा येते.' डोकं सणकलं. मद्रासजवळ शोलावरमच्या ट्रॅकवर फिअट रेसमध्ये पळायच्या, म्हणून दारव्ह्याच्या बाजारात उभी असलेली 1089 सीसीची गाडी रेसची होत नाही बाप्पा! गेअर अडकतो तो लिंकेजचे, म्हणजे दांडा ते गेअरबॉक्स जोडणाऱ्या रॉडच्या सांध्यातले बुश झिजतात म्हणून. बुश बदला, रॉड सेट करा. आमची 1978 ची, बाबांच्या हातची, अजून दोन बोटांनी गेअर पडतो. आणि शॉर्ट थ्रो म्हणजे काय? दांड्याचा टेकू वर सरकवला की हात कमी फिरतो, पण जोर जास्त लागतो. तो जोर जातो गेअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या, म्हणजे गेअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगांवर. पद्मिनी बनायची तो कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन जमाना झाला, रिंगा काय झाडाला लागतात?

संत्रावाला: बुश बदला म्हणनं सोपं हाय भाऊ. म्या तीनदा बदलले. चिखलदऱ्याच्या घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकाले गेलो, दोन्ही एकदम धरले. गाडी ना पुढं ना मांगं. बोनेट उघडून पान्यानं लिव्हर सोडवत होतो, मांगून यष्टीवाला हॉर्न वाजवून राह्यला, बायको म्हणे मी पायीच जातो. त्याच दिवाळीत फ्लोअर गेअर टाकला. सहा वर्सं झाली, एकदाई अडकला नाई. बाबाची आठवण शोकेसमंदी ठेवा.

काळीमाती: बाबांवर जायचं काम नाही. बुश डुप्लिकेट टाकले असतील, त्याला गाडी काय करणार?

काळीपिवळी: गेअरचं मरू द्या, फ्लोअर गेअर आला की समोरची सलग सीट बेकार होते, त्याचं बोला. माह्या बापानं यवतमाळ–दारव्हा टॅक्सी चालवली. समोर चार, मांगं पाच, डिक्कीत बकरी. मधात दांडा असता तर आमची शाळेची फी कुठून निघाली असती?

संत्रावाला: समोर चार? फेकू नको बे. ड्रायव्हर धरून तीन. फिअट होये, मेटॅडोर नाई.

काळीपिवळी: ड्रायव्हर अर्धा दारावर बसे. तू मांगं बसत असशीन, तुले काय दिसते?

संत्रावाला: अन् दुसरा गेअर टाकाले डावा हात कुठून काढे? बाजूवाल्याच्या काखेतून?

काळीपिवळी: हाव, काखेतूनच! एक जण ठरलेला असे, तो स्वतःच हात वर करे.

नियमवाला: बकरी उतरली असेल तर बोलू का? 2021 च्या व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चासी, बॉडी, इंजिनला हात लावलेला चालत नाही. गेअरच्या दांड्याचं नाव त्यात नाही, पण 'मूळ रूप' म्हटलं की आरटीओचा साहेब काय समजेल, ते तोच जाणे. काळीमातीभाऊ, तुमची गाडी 2028 नंतर बसते, तोवर हात लावू नका. संत्रावाले, तुमची गेली.

संत्रावाला: मले घाट चढाचा हाय, बिल्ला नाई लावाचा.

काळीमाती: ठीक, रोज घाट चढणाऱ्यानं टाकावा फ्लोअर गेअर. झालं समाधान? फक्त काढलेला जुना दांडा आणि लिंकेज असेल तर मला द्या, रोख पैसे देतो.

संत्रावाला: आता आली आठवण! भंगारवाल्यानं नेला, किलोच्या भावानं.

काळीपिवळी: चारच बसत होते.